पर्यावरण कराची पावती आणि हवेचे आकडे शेजारी ठेवून कसे वाचायचे

बाबांची स्कूटर पंधरा वर्षांची झाली म्हणून तिचं री-रजिस्ट्रेशन करून आणलं. घरी आल्यावर बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून पावती डोळ्याजवळ धरली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचायला लागले, अमुक फी, तमुक फी, आणि खाली "पर्यावरण कर". मग मला विचारलं, "हे पैसे घेऊन करतात काय रे? आणि हवा सुधारली का त्याने?" मला उत्तर देता आलं नाही. दोन्ही प्रश्न अगदी सरळ होते आणि मी पंचवीस वर्षं पुण्यात राहूनही कधी विचारले नव्हते. त्यानंतर जमेल तसं शोधत गेलो, वाचत गेलो, आणि आता एवढं कळलंय की हे काम अवघड नाहीये, फक्त दोन कागद शेजारी ठेवावे लागतात. एक म्हणजे आपण काय भरलं त्याची पावती, आणि दुसरा म्हणजे हवा, पाणी, झाडं यांचे आकडे. आपण बहुतेक वेळा एकच बघतो, कर आला की कुरकुर करतो नाहीतर हिवाळ्यात हवा खराब झाली की फोटो टाकतो, पण दोन्ही एकमेकांना जोडून बघत नाही. ते कसं जोडायचं तेवढंच इथे सांगतोय. उदाहरणं पुण्याची जास्त आहेत कारण मी इथला, पण रीत कुठेही चालते.

आधी घरातले कागद काढा

मिळकतकराचं बिल, लाइट बिल, गाडीच्या करांच्या पावत्या, पेट्रोलची एखादी पावती. मिळकतकराच्या बिलावर आपण फक्त शेवटची एकूण रक्कम बघतो ना, त्याच्या वरच्या ओळी वाचा. सर्वसाधारण कर, सफाई कर, मलनिस्सारण कर, वृक्ष कर, अग्निशमन कर, शिक्षण कर अशी मोठी यादी असते, शहराप्रमाणे नावं थोडी बदलतात. पेन्सिल घ्या आणि ज्याचा हवा, पाणी, झाडं, कचरा यांच्याशी संबंध वाटतो त्यावर खूण करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण केल्याशिवाय पुढचं नीट कळत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. कराच्या नावावर जाऊ नका, तो कशावर मोजला जातो ते बघा. जगभर याचा हिशोब ठेवणाऱ्या संस्था, म्हणजे ओईसीडी (श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) किंवा युरोपचं सांख्यिकी कार्यालय, हेच बघतात. पर्यावरण कर म्हणजे ज्याचा आधारच एखादी मोजता येणारी आणि निसर्गाला नुकसान करणारी गोष्ट आहे असा कर, लिटरभर पेट्रोल, टनभर कोळसा, किलोभर कचरा. सरकारने त्याला नाव काय दिलं आणि पैसे कशावर खर्च केले हा वेगळा प्रश्न.

या चाळणीतून आपली यादी गाळली की गंमतच होते. वृक्ष कर नावाने हिरवा, पण तो घराच्या करपात्र मूल्यावर, म्हणजे कर लावायला महापालिका घराची जी किंमत धरते तिच्यावर लागतो, तुम्ही अंगणात दहा झाडं जपलीत किंवा सगळं अंगण फरशी घालून बंद केलंत तरी कर तोच. म्हणजे तो झाडांसाठी निधी गोळा करायचा कर आहे, वाईट नाही, पण त्याने कोणाचं वागणं बदलणार नाही. उलट पेट्रोलवरचं केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट, यांच्या नावात पर्यावरण कुठेच नाही, पण जितकं जाळाल तितका कर, म्हणून मोजणीत हेच आपल्या देशातले सगळ्यात मोठे पर्यावरणाशी निगडित कर ठरतात. फक्त एक लक्षात ठेवा की हे दर पर्यावरण बघून ठरत नाहीत, महागाई आणि तिजोरी बघून ठरतात. मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवरचं शुल्क लिटरमागे ८ रुपयांनी उतरवलं ते महागाईमुळे, हवा सुधारली म्हणून नाही.

आता बाबांच्या स्कूटरवर या. महाराष्ट्रात हा पर्यावरण कर २०१०-११ च्या सुमारास सुरू झाला, खासगी गाडीला १५ वर्षं झाल्यावर आणि व्यावसायिक गाडीला ८ वर्षं झाल्यावर. सुरुवातीचे दर पाच वर्षांसाठी दुचाकीला २००० रुपये, पेट्रोल कारला ३०००, डिझेल कारला ३५०० असे होते. दर बदलतात, तुमच्या पावतीवरचा आकडा घ्या. २००० भागिले पाच वर्षं म्हणजे वर्षाला ४०० आणि दिवसाला एक रुपया दहा पैसे. बाबांची स्कूटर रोज मंडईपर्यंत जाऊन येते, चार किलोमीटर. आमच्याच गल्लीतली अजून एक जुनी दुचाकी दिवसभर पार्सल पोचवत शंभर किलोमीटर फिरते. दोघांना कर सारखाच. आणि समोरची नवीकोरी मोठी डिझेल गाडी रोज हिंजवडीला जाऊन येते, तिला हा कर नाहीच. मान्य आहे की जुनं इंजिन किलोमीटरमागे जास्त धूर सोडतं, धुराच्या नव्या, कडक बीएस-६ निकषातल्या गाडीशी त्याची बरोबरी नाही, म्हणून वयावर कर लावण्यात काहीतरी अर्थ आहेच. पण धूर वयाने जेवढा पडतो तेवढाच फिरण्यानेही पडतो, आणि ते या करात कुठेच मोजलेलं नाही. आजार म्हशीला आणि औषध पखालीला असं पूर्ण नाही म्हणता येणार, पण निम्मं औषध पखालीला जातंय हे नक्की.

हात आखडतो का?

कर लावण्यामागची मूळ कल्पना १९२० च्या सुमाराची, केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांची. सोप्या भाषेत, मी धूर सोडला तर खोकला शेजाऱ्याला होतो आणि डॉक्टरचं बिलही तोच भरतो, माझ्या खिशाला त्याची झळच लागत नाही, म्हणून मी धूर सोडत राहतो. ती झळ किमतीत घातली की मी विचार करीन. म्हणजे चांगला पर्यावरण कर कमी-कमी गोळा झाला तर ते यश आहे! हे आपल्याला उलटं वाटतं कारण वसुली वाढली की बातमी चांगली म्हणून छापली जाते.

हात आखडणं कसं दिसतं ते बघायचं असेल तर मे महिन्यात आमच्या घरी या. आई वीस तारखेनंतर मीटरपाशी जाऊन युनिट लिहून आणते, कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या हिशोबाशेजारी. ३०० च्या आत राहायचं असतं तिला, कारण महावितरणच्या बिलात १००, ३००, ५०० युनिटला दर चढतो. २७८ झाले की एसीचा रिमोट कपाटात जातो आणि रात्री गच्चीत अंथरुणं पडतात. (पुष्कळ जणांना वाटतं की ३०१ झाले की सगळेच युनिट महाग होतात, तसं नाहीये, फक्त वरचे युनिट वरच्या दराने लागतात. पण भीती चांगली काम करते एवढं खरं.) हा पर्यावरण कर नाही, साधा वीजदर आहे, पण रचना बघा, जास्त वापराल तर पुढचा युनिट महाग, आणि तुम्हाला तो मीटरवर दिसतोय, आणि तुमच्या हातात काहीतरी करण्यासारखं आहे. या तीन गोष्टी असल्या की कर किंवा दर काम करतो.

पाण्याचं याच पद्धतीचं उदाहरण कराडजवळच्या मलकापूरचं आहे. तिथे नगरपंचायतीने घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं आणि दर टेलिस्कोपिक ठेवला, म्हणजे कमी वापराला स्वस्त, जास्त वापराला चढता. चोवीस तास पाणी दिलं तर लोक नासाडी करतील असं सगळ्यांना वाटत होतं, झालं उलटं, कारण साठवून दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून ओतून देण्याची गरजच राहिली नाही आणि थेंब मोजला जायला लागला. त्या योजनेला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आपल्या मोठ्या शहरांमध्ये मात्र अजूनही बऱ्याच ठिकाणी पाणीपट्टी घराच्या मूल्यावर ठरते, मग नळ चालू ठेवून गाडी धुणारा आणि दोन बादल्यांत भागवणारा सारखेच.

आमच्या सोसायटीचाही एक अनुभव सांगतो कारण तो याच मुद्द्याचा आहे. पुणे महापालिका सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प केला तर सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन केले तर १० टक्के सवलत देते. आम्ही गांडूळखताचा खड्डा बांधला, सवलत मिळाली, सगळे खूश. दोन वर्षांनी झाकण उघडून बघितलं तर आत सुकलेला पाचोळा, एक प्लास्टिकची बादली आणि खतच नाही. ओला कचरा केव्हाच परत गाडीत जायला लागला होता. चूक आमचीच, पण मला त्यातून कळलं की सवलत "खड्डा आहे" याला होती, "किती किलो कचरा जिरवला" याला नव्हती. आता आम्ही एक साधा वजनकाटा ठेवलाय, ओल्या कचऱ्याची बादली ओतायच्या आधी वजन करून वहीत लिहितो. जानेवारीपासूनची वही आहे. कुणी तपासायला आलं तर दाखवायला आकडा आहे, आणि खरं सांगायचं तर आकडा लिहावा लागतो म्हणूनच खड्डा जिवंत राहिलाय.

दक्षिण कोरियाने १९९५ मध्ये नेमकं हेच देशभर केलं, कचऱ्याचं शुल्क घरटी न ठेवता ठरावीक पिशवी विकत घेऊनच कचरा टाकायचा असा नियम केला, जितक्या पिशव्या तितके पैसे. आयर्लंडने २००२ मध्ये प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट लावले, दुकानाच्या काउंटरवर, ग्राहकाच्या डोळ्यासमोर, आणि वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला. आपण महाराष्ट्रात २०१८ मध्ये गुढीपाडव्याच्या सुमाराला प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आणली, पहिल्यांदा सापडलं तर ५००० रुपये दंड. दंड मोठा आहे, पण तो सापडलात तरच, आणि रोज भाजीवाल्याकडे काय होतं ते आपण बघतोच. मला वाटतं रोज लागणारी छोटी किंमत कधीतरी लागणाऱ्या मोठ्या दंडापेक्षा जास्त काम करते.

पैसे गेले कुठे

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात गरजेची. देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण कोळशाच्या उपकराचं. १ जुलै २०१० पासून केंद्राने कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला, २०१४ ला १००, २०१५ ला २००, २०१६ ला ४०० केला. आधार एकदम बरोबर, टनावर. त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी चालवायचा होता. २०१०-११ ते २०१७-१८ मध्ये सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमा झाले, त्यातले निधीत पोचले ३० हजार कोटींच्या आत आणि प्रकल्पांना मिळाले साधारण १६ हजार कोटी. मग २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर जीएसटीमुळे राज्यांचं बुडालेलं उत्पन्न भरून द्यायला वळवला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये तोही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. इथे एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. टनाला ४०० असताना राखेने भरलेला हलक्या प्रतीचा स्वस्त कोळसा आणि चांगला महाग कोळसा दोघांना सारखा कर होता, आता टक्क्यात झाल्यावर स्वस्त कोळशाला कमी कर लागतो, आणि धूर-राख काही किमतीप्रमाणे कमी होत नाही. म्हणजे आधार बदलला की कराचा अर्थच बदलतो, आणि अशी गोष्ट पेपरात "दर वाढला" किंवा "दर घटला" एवढ्यावरच संपते.

आपल्या पातळीवर हेच करायचं. वृक्ष कराचं उदाहरण घ्या. झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा १९७५ चा, त्यात वृक्ष प्राधिकरण आहे आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. महापालिकेचं अंदाजपत्रक वेबसाइटवर असतं, जाडजूड पीडीएफ. त्यात जमेच्या बाजूला वृक्ष कराची रक्कम शोधा, खर्चाच्या बाजूला उद्यान विभाग आणि वृक्ष प्राधिकरण शोधा. आणि फक्त अंदाज बघू नका, "प्रत्यक्ष" किंवा "सुधारित" असा रकाना असतो तो बघा, कारण अंदाज कितीही मोठा लिहिता येतो.

आता आकडे

आपल्याकडे एक फार चांगली सोय आहे जी लोकांना माहीतच नाही. महाराष्ट्रातल्या महापालिका आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपर्यंत शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल मुख्य सभेसमोर ठेवायचा असतो, कायद्यातच आहे हे. तो मराठीत मिळतो, हवा, पाणी, कचरा, झाडं, आवाज, वाहनं सगळं त्यात असतं. राज्याचं चित्र पाहिजे तर बजेटच्या आदल्या दिवसांत येणारी "महाराष्ट्राची आर्थिक पाहणी" आहे, तीही मराठीत. हवेसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं समीर ॲप आहे.

अहवाल उघडलात की पहिली सवय ही लावा की प्रत्येक आकड्याला विचारा, तू केलेलं काम सांगतोयस की झालेला परिणाम? "एक लाख रोपं लावली", "दहा रस्ते झाडायची मशिनं घेतली", "इतक्या क्षमतेचा मैलाशुद्धीकरण प्रकल्प उभारला" हे सगळं काम आहे. "लावलेल्यातली तीन वर्षांनी जगली किती", "हवेत धूळ किती", "नदीत प्रत्यक्ष किती पाणी शुद्ध होऊन गेलं" हा परिणाम आहे. अहवालात पहिल्या प्रकारचे आकडे भरपूर असतात, दुसऱ्या प्रकारचे शोधावे लागतात. राज्याचं माझी वसुंधरा अभियान २०२० पासून चाललंय, भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशा पाच तत्त्वांवर गावांना आणि शहरांना गुण मिळतात, चुरस लागते, चांगलंच आहे, पण एकच बेरीज बघून थांबू नका. झाडांचे गुण जास्त आणि नदीचे कमी असले तरी बेरजेत गाव वर येऊ शकतं, आणि झाडांनी नदीचं गटार झाकलं जात नाही.

हवेच्या आकड्यात लोक सगळ्यात जास्त फसतात म्हणून थोडं थांबून सांगतो. एक्यूआय म्हणजे हवेचा एकत्र निर्देशांक, आपल्याकडे २०१५ पासून आहे, आठ प्रदूषकांवरून काढतात, आणि त्यातलं जे सगळ्यात वाईट त्याचा आकडा अख्ख्या हवेचा आकडा म्हणून लागतो, सरासरी नाही. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, त्यापुढे वाईट, अति वाईट, गंभीर. बाहेर पळायला जायचं का हे ठरवायला तो ठीक आहे, पण कराचा किंवा धोरणाचा परिणाम बघायचा असेल तर तो वापरू नका, पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक कण) आणि पीएम १० (त्याहून जाड धूळ) यांची वार्षिक सरासरी घ्या. आपल्या देशाची मर्यादा पीएम २.५ ला वर्षाची घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आणि पीएम १० ला ६०, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस पीएम २.५ ला फक्त ५. म्हणून "मर्यादेत आहे" असं वाचलं की कोणाच्या मर्यादेत ते बघायचं.

तुलना करताना जुलैची जानेवारीशी करू नका, पावसाने हवा धुतली जाते त्याचं श्रेय कुठल्याच कराला नाही. जानेवारी जानेवारीशी, आणि निदान चार-पाच वर्षं ओळीने. २०२० लॉकडाऊनचं वर्ष, ते धरून "बघा किती वाढलं" किंवा "किती घटलं" म्हणणं दोन्ही चूक. हवा मोजायचं केंद्र तेच आहे का बघा, कारण झाडीतल्या कॅम्पसमधलं केंद्र आणि स्वारगेटसारख्या चौकातलं केंद्र यांची हवा एकच शहर असून वेगळी असते, आणि मध्ये एखादं केंद्र वाढलं की सरासरी आपोआप बदलते. वर्षातले किती दिवस मोजणी झाली हेही बघा. मशीन चार महिने बंद असेल आणि ते नेमके हिवाळ्यातले असतील तर सरासरी सुंदर दिसणारच.

आकड्यांना पैसे जोडले की काय होतं तेही बघा. केंद्राचे पैसे राज्यांना कसे वाटायचे ते सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांना हवेसाठी अनुदान दिलं ते कामगिरीवर, पीएम १० किती घटला आणि चांगल्या हवेचे दिवस किती वाढले त्यावर. कल्पना मला मनापासून आवडते, निर्देशांक फाइलीत पडून न राहता बजेट ठरवतो. पण मोजला पीएम १०, म्हणजे जाड धूळ, म्हणून खर्चही सगळ्यात जास्त रस्त्याची धूळ दाबण्यावर झाला, पाण्याचे फवारे, झाडायची मशिनं. फुप्फुसात खोल जाणारा बारीक पीएम २.५, जो गाड्यांच्या, कारखान्यांच्या आणि जळणाऱ्या कचऱ्याच्या धुरातून येतो, तो मागे राहिला. जे मोजाल तेच सुधारेल, म्हणून काय मोजायचं यावर भांडायला पाहिजे.

नदीचं वाचन सोपं आहे आणि मला सगळ्यात पटणारं. दोनच आकडे लागतात. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन, आंघोळीच्या पाण्याला लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत पाहिजे. आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ५ च्या वर पाहिजे. आता शहरात शिरतानाचं एक ठिकाण घ्या आणि बाहेर पडतानाचं एक. पुण्यात मुठेला विठ्ठलवाडीला बघा आणि मग मुंढव्याच्या पुलाला बघा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे आपण. यात पाऊस कमी झाला, धरणातून पाणी कमी सोडलं अशा सबबी बऱ्याच गळून पडतात कारण दोन्ही आकडे त्याच महिन्याचे. फक्त मुंढव्याच्या आधी मुळाही येऊन मिळते, तिची घाणही त्या आकड्यात असते, एवढं लक्षात ठेवा. आणि पुढे हेच पाणी उजनीत जातं, उजनीतून सोलापूरला नळाने येतं. मलनिस्सारण कराच्या ओळीशेजारी मी हा फरक पेन्सिलने लिहून ठेवतो.

एक अजून, "प्रमाण" आणि "एकूण" यात गल्लत करू नका. भारताने २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जनाची तीव्रता ४५ टक्क्यांनी कमी करायचं ठरवलंय, तीव्रता म्हणजे जीडीपीच्या (देशाच्या एकूण उत्पन्नाच्या) प्रत्येक रुपयामागे किती धूर. जीडीपी जोरात वाढला तर रुपयामागचा धूर कमी होऊनही एकूण धूर वाढू शकतो. दोन्ही आकडे खरे असतात, पण फुप्फुसाला एकूणच लागतो.

पर्याय दिलाय का, आणि भरतंय कोण

कर लावायच्या आधी दुसरी वाट दिली का हे विचारल्याशिवाय मत बनवू नका. स्टॉकहोमने जानेवारी २००६ मध्ये शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर सात महिन्यांसाठी शुल्क लावून बघितलं, पण त्याआधी काही महिने जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या. गाड्या साधारण २० टक्क्यांनी घटल्या. जुलैअखेर प्रयोग थांबला, गाड्या परत वाढल्या, आणि हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मग सप्टेंबरमध्ये मतदान घेतलं, आणि सुरुवातीला विरोधात असलेल्या शहराने बाजूने कौल दिला, २००७ पासून ते कायम झालं. आधी मोजलं, चालू असताना मोजलं, थांबवून मोजलं. याच्या उलट फ्रान्समध्ये २०१८ ला इंधनावरचा कर वाढत गेला, खेड्यातल्या माणसाला गाडीशिवाय पर्याय नव्हता, आणि पिवळी जॅकेटं घालून लोक रस्त्यावर उतरले, वाढ मागे घ्यावी लागली.

आपल्याकडे ज्या उपनगरात बस चाळीस मिनिटांनी येते तिथल्या जुन्या दुचाकीवाल्यावर कर वाढवून तो गाडी सोडणार नाही, फक्त महिन्याचा किराणा कमी करील. म्हणून करासोबत कुठला आकडा बघायचा तर आपल्या थांब्यावर तासाला बस किती. हा पर्यावरणाचा निर्देशांक आहे असं कोणी म्हणत नाही, मी म्हणतो. सकाळी आठ ते नऊ थांब्यावर उभं राहून मोजता येतो, मी तीन दिवस मोजला.

विचारायचं कसं आणि कधी

ऑगस्टमध्ये पर्यावरण अहवाल मागा, जुलैअखेर सभेसमोर गेलेला असतो. पुण्यात नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही सोय २००६ पासून आहे, प्रभागातली कामं सुचवायचे अर्ज साधारण त्याच सुमाराला घेतात, तारीख दरवर्षी बघा. त्यात "रस्ता करा, पेव्हर बसवा" असं लोक लिहितात, तुम्ही आकडा धरून लिहा. अहवालात उत्तर नसेल तर माहिती अधिकार, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांच्या आत, नाहीतर त्यावरूनच अर्ज परत येतो. झाडांचा एक, हवेचा एक, नदीचा एक असे वेगळे करा.

मी झाडांचा लिहिला तो असा, पाहिजे तर नाव बदलून वापरा:

"मागील पाच आर्थिक वर्षांत जमा झालेल्या वृक्ष कराची वर्षनिहाय रक्कम, त्यातून झालेला प्रत्यक्ष खर्च कामनिहाय, आमच्या प्रभागात त्या वर्षांत लावलेल्या रोपांची संख्या, त्यापैकी आज जिवंत असलेल्यांची संख्या व ती तपासल्याचा दिनांक, तसेच शेवटची वृक्षगणना पूर्ण झाल्याचा दिनांक, ही माहिती मिळावी."

यात "का" आणि "योग्य आहे का" असे शब्द टाकू नका, माहिती अधिकारात मत मागता येत नाही, कागदावर असलेली माहितीच मागता येते. "तपासल्याचा दिनांक" हे दोन शब्द मात्र सोडू नका, मोजलंच नसेल तर ते तिथेच कळतं. बाबांच्या पावतीचा प्रश्न वेगळ्या अर्जात राज्याच्या परिवहन विभागाकडे जातो, महापालिकेकडे दिलात तर वेळ जातो. दोन झेरॉक्स घेऊन जा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, तीस दिवस तिथून मोजायचेत.